संशयाने घेतलेला प्रोसेसर

मी प्रोसेसर बोलतोय. संगणकाच्या डब्यात, पंख्याच्या खाली, कुणालाही दिसणार नाही असा दाबून बसवलेला. आकाराने अर्ध्या बिस्किटाएवढा. लोक पडद्याकडे बघतात, कीबोर्ड बडवतात, माउस आपटतात. पण दाबलेल्या प्रत्येक बटणाचं पुढे काय करायचं, ते माझ्यापाशी ठरतं.

सध्या माझा मुक्काम गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरमध्ये, उदाराम बिसेन यांच्या घरी आहे. इथे मी कसा आलो ते सांगायचं, तर संशयापासून सुरुवात करावी लागेल. आजवर ज्याने ज्याने मला हात लावला, त्याने आधी माझ्यावर संशय घेतला.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मूळचा मी वाळूच. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत. त्यांना स्वतःच्या केसांचाही संशय होता, श्वासाचाही. मला तापवलं, थंड केलं, पुन्हा पुन्हा तपासलं. माझ्या बरोबरीचे कितीतरी नापास झाले. मी पास झालो. माझ्यात सहा कोर निघाले. कोर म्हणजे एकाच वेळी आपापलं काम करणारे सहा कामकरी समजा. पोटाखाली केसासारखे बारीक, सोनेरी मुलाम्याचे तेराशे एकतीस पाय. त्यातला एक जरी वाकला, तरी मी माझ्या जागी बसू शकत नाही.

नागपूरमार्गे मी गोंदियाला आलो, ते २०१९ साल होतं. मला विकत घेतलं रंजिता रामटेकेने. वय एकवीस, बाजारात लग्नाचे व्हिडिओ जोडून देण्याचं नवं दुकान, पाटी 'रंजिता मिक्सिंग'. खोक्याचं सील फोडताना तिने समोर मोबाईल उभा करून चित्रीकरण केलं. आत भलतंच काही निघालं तर पुरावा असावा म्हणून. मी त्या चित्रणात आहे, बावरल्यासारखा चमकणारा.

रंजिताचे वडील संघदीप रेल्वेत होते. मजूरकामाचे खलाशी म्हणून लागले, परीक्षा देत देत उशिराने असिस्टंट झाले. मालगाडीच्या इंजिनात दोघं असतात. एक गाडी चालवणारा लोको पायलट, दुसरा त्याचा असिस्टंट. संघदीप ज्यांच्या हाताखाली होते, ते उदाराम बिसेन. सगळे त्यांना साहेब म्हणत. दोन्ही घरांचं जाणं-येणं होतं. साहेबांच्या पत्नी सुशिलाबाई दुकानात आल्या की रंजितासाठी घरच्या तांदळाच्या पापड्या घेऊन येत.

एकदा त्या रिकाम्या हातांनी आल्या. भर दुपार होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी रंजिताला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "एक कागद लिहून दे वो पोरी. कुणाले सांगशील नको. तुझ्या बाबालेबी नको."

कागद पाच ओळींचा होता. प्रत्येक अक्षर माझ्यातून गेलं, म्हणून मला पाठ आहे. रेल्वेच्या मोठ्या साहेबांना लिहिलं होतं की लोको पायलट उदाराम बिसेन यांचे डोळे तातडीने तपासावेत. त्यांना डाव्या बाजूचं दिसत नाही. त्यांच्या मागे अठ्ठावन्न डबे असतात. नेहमीच्या तपासणीची वाट पाहू नये. कृपा करून लिहिणाऱ्याचं नाव विचारू नये.

रंजिताची बोटं मध्येच थांबली. "काकी, तुम्ही काकांनाच सांगून पाहा ना."

"तीनदा सांगतलं. म्हनतात, माझे डोळे सिग्नल पाहतात, तू पोळ्या पाहा." सुशिलाबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. "परवा कामठ्याच्या रस्त्यानं स्कूटरवर मागं बसली होती मी. डाव्या बाजूनं वासरू उभं होतं. धावलं-बिवलं नाही वो, उभंच होतं. यायनं सरळ त्याच्यावर घातली गाडी. म्हनतात, अचानक आलं."

कागद छापून झाला. त्या तो पदरात घालून घेऊन गेल्या.

पुढे काय झालं ते मी दुकानातल्या बोलण्यातून ऐकलं. साहेबांची तपासणी झाली. काचबिंदू निघाला. या आजारात डोळ्याची नस हळूहळू मरत जाते, दुखत नाही, कडेचं दिसेनासं होतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. साहेबांना इंजिनावरून उतरवून ऑफिसच्या टेबलावर बसवलं. आपले डोळे ठीक आहेत, हे त्यांचं म्हणणं मात्र कायम राहिलं. कुणीतरी निनावी कागद पाठवला होता, एवढं त्यांच्या कानावर आलं. पुढच्याच वर्षी संघदीप लोको पायलट झाले. साहेबांनी दोन गोष्टी जोडल्या आणि उत्तर काढलं. चार लोकांसमोर ते संघदीपला म्हणाले, "माझी खुर्ची पायजे होती तर मागून घ्यायची होती."

त्या संध्याकाळी संघदीप दुकानात येऊन भिंतीला टेकून बसले. वडिलांचं तोंड बघून रंजिताच्याने राहवलं नाही. तिने खरं काय ते सांगून टाकलं. 

"बाबा, मी जाऊन सांगते काकांना."

"नाही. त्या घरात दोघंच जनं राहतात. त्यायचा एकमेकावरचा भरवसा गेला तर राहतील कसे? माझ्यावरचा गेला तर मी इथं आहे, ते तिथं आहेत. चालते."

मी यंत्र आहे. चूक की बरोबर, एवढंच मला कळतं. संघदीपनी केलं ते यातलं नेमकं काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तीन वर्षांनी रंजिताची आई वारली. साहेब मयतीला आले नाहीत. सुशिलाबाई एकट्याच आल्या आणि मागच्या बाजूला उभ्या राहिल्या, असं रंजिता नंतर कुणाला तरी सांगत होती.

मी सहा वर्षं काम केलं. हजारो वराती माझ्यातून गेल्या. मग ड्रोनचे, फार मोठे व्हिडिओ येऊ लागले आणि रंजिताने माझ्याहून ताकदीचा प्रोसेसर आणला. मला प्लास्टिकच्या छोट्या डबीत घालून खणात ठेवलं. अंधारात पडून राहिलं की संशय येतो, आपण खरंच कामाचे होतो का?

गेल्या दिवाळीनंतर खण उघडला. समोर उदाराम साहेब उभे होते. केस पांढरे, हातात लांबट वही, कपाळावर आठ्या.

साहेब निवृत्त झाले होते, आणि त्यांना एक नाद लागला होता. संगणकावर रेल्वे चालवण्याचा गेम असतो. त्यात इंजिनाचा दांडा, ब्रेक, सिग्नल, चढ-उतार, सगळं खऱ्यासारखं. साहेबांनी त्यासाठी जुना संगणक घेतला होता. गाडी मोकळ्या रुळावर छान चाले, पण मोठ्या स्टेशनाच्या यार्डात शिरताना अडखळे. चित्र थांबे, पुन्हा धावे. ज्याने आयुष्यभर अठ्ठावन्न डबे एकही झटका न देता उभे केले, त्याला ते सहन होत नव्हतं.

"गुलाबचंद म्हणतो, ग्राफिक कार्ड बदला," साहेब वही उघडून रंजिताला सांगू लागले. गुलाबचंद म्हणजे बाजारातला संगणकवाला, आणि ग्राफिक कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग. "म्हणतो, काका, कार्ड डालो, मक्खन चलेगा. मले संशय आला. हा नेमकी महागडी वस्तूच काऊन सांगून राहिला? मंग मी घरी तपासलं. चित्राचा आकार कमी केला, एकदम बारीक. कार्ड दमत असतं, तर त्याले आराम मिळाला असता अन् गाडी सुरळीत चालली असती. पण अडखळनं तेवढंच अन् त्याच जागी. म्हणजे कार्डाचा दोष नाही. यार्डात वीस गाड्या चालून राहतात, त्याचा हिशोब करता करता प्रोसेसर दमतो. माझा चार कोरचा आहे."

रंजिता कौतुकाने बघत होती. "बरोबर काढलं काका तुम्ही."

"त्याले हे सांगतलं, तर म्हणे मंग बोर्ड, रॅम, सगळंच नवं घ्या. अर्ध्या मोटारसायकलीची किंमत सांगतो. मी घरी हिले पाच हजाराच्या वर जानार नाही म्हणून शब्द दिला आहे. ऑनलाइन जुना भेटते, पण कोणाले ठाऊक कोणत्या डबीत काय येईल, भरवसा नाही. माझ्या बोर्डात बसेल असा सहा कोरचा तुझ्याजवर पडला आहे म्हणे." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "संघदीप ड्युटीवर आहे ना?"

"संध्याकाळी येतील."

म्हणजे वेळ साधूनच ते आले होते. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. "चालता होता, तर काढला काऊन?"

"मोठे व्हिडिओ येऊन राहिले काका. याला जड जात होतं."

"म्हणजे थकला आहे."

"हा थकत नाही. एक तर चालतो, नाही तर बंद पडतो."

एवढ्यात मागच्या दाराने संघदीप आत आले. गाडी लवकर पोचली होती, हातात ड्युटीची पेटी तशीच होती. साहेबांना बघून ते जागीच थबकले.

"नमस्कार साहेब."

साहेब मला हातातल्या हातात फिरवत राहिले. संघदीप हलक्या आवाजात म्हणाले, "पैसे आता देऊ नका. घरी लावून पाहा, आठ दिवस चालवा. नाही जमला तर परत आना."

मी साहेबांच्या तळहातावर होतो. तळहात घट्ट झालेला मला जाणवला. ते रंजिताकडे बघून बोलले, "फुकट कोणी कायले देते? माल खराब असला की माणूस असा गोड बोलते." त्यांनी चार हजार रुपये टेबलावर ठेवले. "पावती पायजे. याच्या पाठीवरचा नंबर टाकून. कागद लिहायची सवय आहेच तुमच्या घरात. एक कागद मलेही द्या."

रंजिताचा चेहरा लाल झाला. तिने तोंड उघडलं. संघदीप म्हणाले, "लिहून दे, रंजिता."

तिने लिहून दिलं.

खरं सांगतो, मलाही साहेबांचा संशय आला. हा माणूस मला वापरायला नेतोय की दोषी ठरवायला?

फुलचूरच्या घरी त्यांचं टेबल खिडकीशी आहे. त्या दिवशी संगणकावर गाडी चालूच ठेवली होती, शिट्टी आणि चाकांचा खडखडाट खोलीभर. साहेबांनी माझी डबी उघडली आणि आपल्या डाव्या हाताला ठेवली. पाठीवरचा नंबर वहीत उतरवला होता, तो पावतीशी जुळतो का ते बघू लागले. भिंग उजवीकडे होतं. ते घ्यायला वळले आणि त्यांचं डावं कोपर डबीला लागलं.

मी फरशीवर पडलो, पायांवरच.

गाडीच्या आवाजात त्यांना काही कळलं नाही. सुशिलाबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी पाहिलं. चहा ठेवला, वाकल्या, मला उचलून डबीत घातलं आणि डबी साहेबांच्या पुढ्यात सरकवली.  बोटांच्या सफाईवरूनच मी ओळखलं, हे काम त्या रोज करतात. पेला, चष्मा, औषधाची बाटली, डावीकडे जे जे पडेल ते सहा वर्षं त्या गुपचूप उचलत आल्या होत्या.

साहेबांनी भिंग धरलं. रांगेमागून रांग बघत गेले. आणि थांबले.

"वाटलंच मले! सहा पाय वाकले आहेत. पाह्य, पाह्य इकडं. म्हणूनच आठ दिवस ठेवा, परत आना सांगत होता."

"लावून तर पाहा," सुशिलाबाई कशाबशा म्हणाल्या.

"का लावू? वाकडा पाय खड्ड्यात जाते का?" त्यांनी फोन लावला, आवाज मोठा ठेवून. "संघदीप, तुझा माल तुटका निघाला. ठाऊक होतं ना तुले?"

पलीकडून संघदीपचा आवाज आला, "परत आना साहेब. पैसे वापस देतो."

साहेबांनी बायकोकडे विजयाने पाहिलं. "ऐकलं? एका बोलात कबूल. तेव्हाही असाच गप होता."

सुशिलाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "फोन ठेवू नका," त्या म्हणाल्या. मग फोनकडे वाकून, "संघदीपभाऊ, थांबा जरा."

"वहिनी, राहू द्या," पलीकडून घाईने आलं.

"नाही. लय झालं आता." त्या साहेबांकडे वळल्या. "तुमच्या कोपरानं पडला तो. आता, इथं. मी उचलून ठेवला."

"कोपरानं? माझ्या बाजूले पडला असता, तर मले दिसलं नसतं का?"

"नाही दिसत तुमाले! डाव्या बाजूचं तुमाले दिसत नाही जी. काल भाजीवाली बाजूले उभी होती, तुम्ही तिच्या टोपल्यात पाय घातला. वरून तिलेच आंधळी म्हणून बोंबलले. अन् तो कागद..." त्यांनी श्वास घेतला. "तो कागद संघदीपभाऊनं नाही लिहिला. मी लिहिला. रंजिताकडून लिहून घेतला. मले रोज वाटे, आज गाडी घेऊन गेले, येतील का? अन् आले, तर कोणाचं घर मोडून येतील? म्हणून लिहिला."

पडद्यावरची गाडी कुणीच चालवत नव्हतं. ती यार्डात शिरून अडखळत होती. साहेबांनी फोन बंद केला. मग संगणक बंद केला.

तीन दिवस तो बंदच होता. मी डबीत, उघडा, टेबलावर. घरात फक्त प्रश्न ऐकू येत. "अजून काय काय लपवलं माझ्यापासून?" "माझ्या गोळ्या खऱ्याच आहेत ना?" "त्या डॉक्टरले तूच सांगून ठेवलं होतं का?" सुशिलाबाई प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत. एकदा मात्र त्या म्हणाल्या, "मी चोरी नाही केली. तुमाले जितं ठेवलं." आणि आत निघून गेल्या. संघदीपना ज्याची भीती होती, तेच त्या घरात होत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी साहेबांनी वही काढली. डॉक्टरवर त्यांचा विश्वास नव्हता, वहीवर होता. खुर्ची भिंतीसमोर ठेवली, समोरच्या कॅलेंडरवर एका तारखेला गोल केला. हाक मारली, "सुशिला, एक चमचा घेऊन ये. मी या गोलाकडंच पाहीन. तू माझ्या कानामागून चमचा पुढं आनत जा. दिसला की सांगतो. आधी उजवीकडून."

उजवीकडून चमचा खांद्याच्या जरा पुढे आला आणि ते म्हणाले, "दिसला." त्यांनी पट्टीने मोजलं, लिहिलं. मग डावीकडून. चमचा कानापासून निघाला, खांदा गेला, गाल गेला.  चमचा जवळजवळ नाकासमोर आला.

"आनला का तू?" साहेबांनी विचारलं.

सुशिलाबाईंनी चमचा त्यांच्या हातात दिला.

साहेबांनी पुन्हा करायला लावलं. एकदा डावा डोळा झाकून, एकदा उजवा. पाच वेळा. प्रत्येक वेळी लिहिलं. मग वही बंद केली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. सुशिलाबाई बाजूला उभ्या होत्या, डाव्या बाजूला. थोड्या वेळाने त्या चालत समोर आल्या आणि तिथे बसल्या.

यंत्राच्या बाबतीत साहेब किती न्यायाने वागले होते! कार्डावर आळ आला, तेव्हा त्यांनी तपासून पाहिलं, मग त्याला निर्दोष सोडलं. माणसाच्या बाबतीत ते सहा वर्षं विसरून गेले होते.

त्याच दिवशी दोघं ऑटोने दुकानात आले. संघदीप तिथेच होते. साहेबांनी डबी टेबलावर ठेवली. "माझ्या हातून पडला," ते म्हणाले. "मालात तुमची काही चूक नाही." मग संघदीपकडे वळून, "तो कागद तू नव्हता लिहिला."

"नाही साहेब."

"ठाऊक होतं तुले कोणी लिहिला ते. अन् चार लोकांत मी तुले तसं बोललो, तरी तू तोंड उघडलं नाही. काऊन गा?"

"वहिनीची गोष्ट होती. त्यायनंच सांगायची."

साहेबांनी मान हलवली.  संघदीपच बोलले, खाली बघत. "कागदाचं काही वाटलं नाही साहेब. रंजिताच्या आईच्या मयतीले तुम्ही नाही आले. ते मात्र लागलं."

साहेब तसेच उभे राहिले, आणि संघदीपनीही त्यांना सोडवलं नाही. शेवटी रंजिताने दिवा ओढला आणि म्हणाली, "काका, बसा. आधी याचे पाय पाहू."

तिने शिसं काढून टाकलेली पेन्सिल घेतली. तिच्या टोकाच्या पोकळ नळीत माझा एकेक पाय घालून ती हळूच उभा करू लागली. जोर जास्त झाला तर पाय तुटतो आणि मग सगळंच संपतं. पाच सरळ झाले. सहावा मुळाशीच दुमडला होता. रंजिताच्या कपाळावर घाम आला. साहेब भिंग धरून होते, संघदीप दिवा. तिघांची डोकी माझ्यावर एकत्र झुकली होती. ती थांबली, केसभर वाकवलं, पुन्हा थांबली, पुन्हा केसभर. पाय उभा राहिला.

रविवारी बापलेक फुलचूरला आले. मला बसवण्याआधी, ज्यावर मी बसतो त्या बोर्डाला माझी ओळख करून द्यावी लागते. त्याच्यातला जुना प्रोग्राम बदलून नवा घालावा लागतो. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बंद. साहेबांनी आधीच इन्व्हर्टरची तार ओढून ठेवली होती, तरी पडद्यावरची पट्टी शंभरावर पोचेपर्यंत सगळे तिच्याकडेच बघत राहिले. मग जुना प्रोसेसर निघाला, मी माझ्या जागी बसलो. उष्णता ओढून घेणारी पांढरी पेस्ट, पंखा, झाकण. बटण दाबलं आणि सहाच्या सहा कोर जागे झाले.

साहेबांनी गाडी यार्डात घातली. वीस गाड्या, रुळांचे शेकडो सांधे, सगळ्यांचा हिशोब मी केला. चित्र कुठे अडखळलं नाही. त्यांनी तीनदा घालून पाहिली. "चालते," ते म्हणाले. एवढंच.

मग ते खुर्चीवरून उठले. "संघदीप, तू बस. चालव."

"मी? तुम्ही असताना?"

"बस म्हटलं ना. मी तुझा असिस्टंट."

इंजिनात असिस्टंट सिग्नल बघून मोठ्याने सांगतो आणि चालवणारा ते पुन्हा म्हणतो, असा नियम आहे. साहेब बाजूच्या स्टुलावर ताठ बसले. "हिरवा," ते म्हणाले. "हिरवा," संघदीप म्हणाले. "पिवळा." "पिवळा." पुढे वळण आलं. डाव्या कडेला, झाडांच्या रेषेत, लाल दिवा होता. पडदा माझ्याच हिशोबाने रंगत होता, त्यामुळे मला ठाऊक होतं. संघदीपनाही दिसला असावा. त्यांचा हात ब्रेकवर गेला होता. पण ते हाक ऐकण्यासाठी थांबले. हाक आली नाही. त्यांनी ब्रेक लावला आणि गाडी सिग्नलच्या अलीकडे उभी राहिली.

"काऊन थांबला?" साहेबांनी विचारलं.

"लाल आहे साहेब."

साहेबांनी सबंध मान डावीकडे वळवली. बराच वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिले.

"मले दिसला नाही," ते म्हणाले.

दारात उभ्या सुशिलाबाईंनी हे ऐकलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि चहाचं विचारायला म्हणून पुढे आल्या.

याला आता काही महिने झाले. उन्हाळ्यात मी तापतो, पंखा घरघरतो. साहेब दर पंधरा दिवसांनी माझं तापमान वहीत लिहितात. काचबिंदूच्या औषधाचे थेंब मात्र आता स्वतःच्या हाताने डोळ्यांत घालतात. संशयी ते अजूनही आहेत, गुलाबचंदची प्रत्येक पावती उलटसुलट करून बघतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुना माल घेताना तेवढं बघावंच. कधी मला काढायची वेळ आली, तर आधी पेस्ट मऊ होऊ द्या आणि मला सरळ वर उचला, ओढू नका, एवढंच मागणं आहे. त्या दिवसानंतर मी पडायला घाबरतो.

मागच्या रविवारी संघदीप येणार होते. स्टूल खुर्चीपाशी मांडलं होतं, गाडी यार्डात तयार उभी होती. ते आले नाहीत. साहेब दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. वही उघडली, पेन घेतलं, थोडा वेळ कोऱ्या पानाकडे बघत बसले. मग पेन ठेवून फोन लावला आणि सरळ विचारलं,

"काऊन नाही आला गा?"

"अचानक ड्युटी लागली साहेब. कळवायचं राहून गेलं."

"बरं," साहेब म्हणाले. "डावीकडं लक्ष ठेवून चालव."